राशीनुसार फँटसी बेसबॉल रोस्टर: पृथ्वी तत्त्वाच्या संघाचं मूल्यमापन कसं करायचं?

तिसरा_बेस (प्रश्न)

फँटसी बेसबॉलची (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या काल्पनिक संघांची) १२ संघांची ५×५ रोटो लीग आहे, म्हणजे बॅटिंगच्या ५ आणि पिचिंगच्या ५ कॅटेगरींत क्रमांकानुसार गुण. प्रत्येक संघाला एक तत्त्व मिळतं आणि २३ च्या २३ खेळाडू त्या तत्त्वाच्या तीन राशींमधूनच घ्यायचे: अग्नी (मेष, सिंह, धनु), पृथ्वी (वृषभ, कन्या, मकर), वायू (मिथुन, तूळ, कुंभ), जल (कर्क, वृश्चिक, मीन). एका तत्त्वावर तीन संघ. रोस्टर (संघाची यादी) नेहमीचाच, १४ बॅटर (त्यात यष्टिरक्षकासारखे २ कॅचर) आणि ९ पिचर (चेंडू टाकणारे).

माझ्याकडे पृथ्वी आहे. वृषभेत ॲरन जज, कोरी सीगर आणि आणखी दोघे. कन्येत फ्रेडी फ्रीमन, मेसन मिलर धरून सात. मकरेत एली डे ला क्रूझ, काइल टकर, विल्यम काँट्रेरस, डिलन सीस धरून बारा. २०२४ च्या आकड्यांची राशीवार बेरीज केली तर मकर खूप पुढे आहे आणि वृषभ तळाला. वृषभेचा गट मोडून सीगरला ट्रेड करावं का? आणि अशी राशीवार तुलना नक्की कशी करतात?

नऊ_डाव

बेरजेने काहीच कळणार नाही. बारा जणांची बेरीज चौघांपेक्षा मोठी येणारच. शिवाय होमरन, सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखणाऱ्या पिचरची नोंद) आणि ॲव्हरेज (हिट्स भागिले ॲट-बॅट, म्हणजे बॅटिंगच्या संधी) एका रकान्यात बसत नाहीत. आधी सगळं एका मापात आणा.

त्यासाठी लीगच्या मागच्या सीझनचा तक्ता घ्या. प्रत्येक कॅटेगरीत दुसऱ्या आणि अकराव्या संघातला फरक काढा आणि ९ ने भागा. ही झाली एका पायरीची, म्हणजे क्रमवारीत एक जागा वर सरकण्याची किंमत. पहिला आणि शेवटचा संघ मुद्दाम सोडायचा, कारण सीझन अर्ध्यात सोडून दिलेला एखादा संघ सगळं माप बिघडवतो. समजा दुसऱ्याचे होमरन ३०० आणि अकराव्याचे २१०, तर १० होमरनला एक पायरी. जजचे २०२४ चे ५८ म्हणजे ५.८ पायऱ्या.

ॲव्हरेज थेट धरू नका, जादा हिट्समध्ये बदला. रोटोची पातळी .२५५ धरली तर जज ५५९ ॲट-बॅटमध्ये १८० हिट्स, म्हणजे साधारण ३७ जादा. एली ६१८ मध्ये १६०, म्हणजे जेमतेम २ जादा. एलीचं .२५९ दिसायला बरं दिसतं, पण त्या कॅटेगरीत तो तुम्हाला जवळपास काहीच देत नाही. त्याचं मुख्य मोल ६७ स्टील्समध्ये (चोरून पुढच्या बेसवर जाण्यात) आहे. ईआरएचंही (पिचरच्या खात्यात ९ इनिंग्जमागे लागलेल्या धावा) असंच: पातळीपासूनचा फरक गुणिले इनिंग्ज भागिले ९. मिलरचा ईआरए २.४९ असला तरी इनिंग्ज ६५ आहेत, त्यामुळे संघाचा ईआरए तो फारसा हलवत नाही. त्याच्याकडून २८ सेव्ह आणि १०४ स्ट्राइकआउट घ्यायचे.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. या पायऱ्यांमधून त्याच पोझिशनवरच्या रिप्लेसमेंट खेळाडूच्या (कुणी न घेतलेल्यांपैकी सर्वांत चांगल्याच्या) पायऱ्या वजा करायच्या, आणि हा रिप्लेसमेंट तुमच्याच तत्त्वातला हवा. एमएलबीत (अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगमध्ये) ३० संघ गुणिले प्रत्येकी २६ खेळाडू, म्हणजे ७८० जागा. एका तत्त्वाच्या वाट्याला सुमारे १९५ आणि तीन संघ मिळून त्यातले ६९ घेणार. साध्या १२ संघांच्या लीगमध्येही ७८० पैकी २७६ जातात, म्हणजे एकूण खोली सारखीच. पोझिशनला मात्र ती मुळीच सारखी राहत नाही. ३० क्लोजर (सेव्ह घेणारे शेवटचे पिचर) चार तत्त्वांत वाटले तर कुणाला ५ येतात, कुणाला १०, आणि निव्वळ योगायोगानेही इतका फरक पडतो. २०२४ मध्ये सर्वाधिक सेव्ह घेणारे दोघे, रायन हेल्सली (४९) आणि इमॅन्युएल क्लासे (४७), दोघेही जल तत्त्वात.

माल तिघांत वाटायचा आणि गुण मात्र बारा जणांत, हे या फॉरमॅटचं मर्म आहे. म्हणून रिप्लेसमेंट तत्त्वातून काढा आणि पायरीची किंमत संपूर्ण लीगमधून. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की सगळी किंमत चुकते.

दुखापतीने हुकलेले सामने रिकामे सोडू नका. टकर २०२४ मध्ये ७८ सामने खेळला आणि त्याने २३ होमरन मारले. ते पूर्ण सीझनच्या १६२ सामन्यांना ताणायचे नाहीत. ७८ सामने टकरचे आणि ८४ रिप्लेसमेंटचे धरायचे. सीगर १२३ सामने, ३० होमरन. तिथे ३९ सामने भरा.

बुलपेन

गणिताआधी राशी तपासून घ्या. शीटमध्ये जन्मतारखेवरून महिना × १०० + दिवस असा आकडा काढा आणि त्यावर व्हीलुकअप (तक्त्यातून जुळणारी ओळ शोधणारं सूत्र) लावा. तक्ता चढत्या क्रमाने:

१०१ मकर, १२० कुंभ, २१९ मीन, ३२१ मेष, ४२० वृषभ, ५२१ मिथुन, ६२१ कर्क, ७२३ सिंह, ८२३ कन्या, ९२३ तूळ, १०२३ वृश्चिक, ११२२ धनु, १२२२ मकर.

मकर दोनदा लागते. १०१ ची ओळ विसरलात तर १ ते १९ जानेवारीच्या सगळ्यांना एरर येतो आणि तुमचे एली, टकर दोघेही गायब होतात.

याहून घातक चूक तारखेच्या फॉरमॅटची. अमेरिकन साइटवर महिना आधी असतो. ओहतानीचा ७/५/१९९४ म्हणजे ५ जुलै, कर्क. शीट दिवस-महिना सेटिंगवर असेल तर ती ७ मे वाचते आणि ओहतानी वृषभेत जाऊन बसतो. एलीचा १/११/२००२ हा १ नोव्हेंबर होतो आणि तो वृश्चिकेत जातो. जजचा ४/२६ मात्र टेक्स्ट म्हणूनच राहतो, कारण २६ वा महिना नसतो. म्हणून ज्यांचा दिवस १२ किंवा त्याखाली आहे ते खेळाडू एकेक करून पाहा. तिथे एरर न दाखवता चुकीची रास येते.

हा तक्ता सायन (पाश्चात्त्य) सूर्यराशींचा आहे. आपली जन्मरास चंद्रावरून ठरते आणि तिला जन्मवेळ लागते, त्यामुळे ती इथे चालणार नाही. निरयन (भारतीय पंचांगाची) सूर्यरास धरली तर सूर्य मकरेत १४ जानेवारीच्या सुमारास येतो, म्हणजे ११ जानेवारीचा एली धनू होतो आणि पृथ्वीतून बाहेर पडतो. जजही मेषेत जातो. कोणती पद्धत ते नियमातच लिहून ठेवा.

डावखुरा_स्टार्टर

राशींच्या सरासरी वयाची तुलना कुणी करणार असेल तर एक सूचना. बेसबॉल रेफरन्स या साइटवरचं सीझनचं वय ३० जूनला मोजलेलं असतं. २०२५ साठी गनर हेंडरसन (२९ जून २००१) २४ दिसतो आणि ओहतानी (५ जुलै १९९४) ३०, जरी तो पाचच दिवसांत ३१ चा होतो. दोघेही कर्क! त्यामुळे जुलै-ऑगस्टवाले जवळजवळ वर्षभराने तरुण दिसतात आणि सिंह रास उगाच ‘कोवळी’ ठरते. जन्मतारखेवरून दशांशात वय काढा.

दुसरं, अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलची वयोगटाची सीमा बरीच वर्षं ३१ जुलै होती. ऑगस्टमधली मुलं आपल्या गटात वयाने सर्वांत मोठी असायची, म्हणून तिथे जन्मलेल्या खेळाडूंत जुलैपेक्षा ऑगस्टचे जास्त आहेत. सिंह आणि कन्येची यादी लांब दिसली तर त्याचं कारण हे आहे. रास खेळ सुधारत नाही, फक्त कोणाच्या वाट्याला किती खेळाडू येतात ते ठरवते.

तिसरा_बेस

तारखा महिन्याच्या नावासह टाकल्या, आता जुळतात. पिचर गॅरेट क्रोशेचं काय करायचं? जन्म २१ जून १९९९. काही तक्ते २१ जूनला मिथुन धरतात. आणि सीगर?

बुलपेन

सूर्य त्याच दिवशी रास बदलतो, म्हणून जन्मवेळेशिवाय निकाल लागत नाही. वरच्या तक्त्याने तो कर्क, म्हणजे जल. दुसऱ्या तक्त्याने वायू. एवढा मोठा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) एका तारखेवर तत्त्व बदलतो, तेव्हा ड्राफ्टआधी एकच तक्ता सगळ्यांच्या संमतीने पक्का करा. नंतर बदलायचा नाही.

नऊ_डाव

सीगरला घाईने देऊ नका. या नियमात त्याला घेऊ शकणारे संघ दोनच, पृथ्वीचे उरलेले. आणि पृथ्वीत शॉर्टस्टॉपची (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) चंगळ आहे: एली, सीगर, विली अडामेस, जेरेमी पेन्या, अँथनी व्होल्पी, जे. पी. क्रॉफर्ड. तीन संघांच्या शॉर्टस्टॉप आणि मिडल इनफिल्ड मिळून सहा जागा त्यांनीच भरतात, वर सेकंड बेसमनही मिडलला चालतात. आज विकायला गेलात तर पडेल भाव मिळेल. पृथ्वीच्या त्या दोन संघांपैकी कुणाचा शॉर्टस्टॉप दुखापतीच्या यादीत जाईल त्या आठवड्यात विचारा, आणि बदल्यात इनिंग्ज देणारा स्टार्टर मागा. तुमच्या यादीत सीसच्या १८९ इनिंग्जखेरीज भरवशाचं कुणी दिसत नाही.

त्याआधी काँट्रेरसची किंमत पुन्हा काढा. .२८१, २३ होमरन आणि ९२ आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर आलेल्या धावा) हे कॅचरला उत्तमच, पण पृथ्वीत साल्वाडोर पेरेझ (२७ होमरन, १०४ आरबीआय), यायनेर डियाझ (.२९९) आणि विल्यमचा भाऊ विल्सन (२०२४ मध्ये कॅचर) हेही आहेत. कॅचर म्हणून लावलेला प्रीमियम इथे निम्माही उरत नाही. पण ज्या संघाचे दोन्ही कॅचर कमजोर असतील तो नाव बघून पूर्ण भाव देईल. माझ्या मते सीगरच्या आधी बाजारात काँट्रेरस न्यावा.