मदत हवी आहे: 1852 च्या पुण्यातल्या मॉर्मन लोकांची कागदपत्रं कुठे शोधू?

नमस्कार मंडळी,

पुणे कॅम्पातल्या जुन्या चर्चेसची माहिती जमवतोय, हौस म्हणूनच, आणि त्यात एक भलतंच प्रकरण हाती लागलंय. 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि तिथून पुण्याला आला. हो, पुण्यात मॉर्मन, अमेरिकेत निघालेल्या त्या ख्रिस्ती पंथाचे लोक! तिकडे अमेरिकेत त्यांचा पुढारी ब्रिगहॅम यंग आणि त्याचे लोक सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचून जेमतेम पाच वर्षं झाली होती आणि इकडे हा बाबा कॅम्पातल्या गोऱ्या सोल्जरांना पकडून उपदेश करतोय. लष्करातल्या साहेबांना ते खपलं नाहीच, पण तरी डझनभर लोकांची एक ब्रांच, म्हणजे छोटी मंडळी, उभी राहिली. पुढे घोळ झाला तो बहुपत्नीत्वाचा, ऑगस्ट 1852 ला सॉल्ट लेकमध्ये चर्चने ते जाहीरपणे मान्य केलं आणि ती बातमी हिंदुस्थानात येऊन पोचल्यावर कोण कशाला दारात उभं करतंय. 1855 ला फिंडले गेला. मागे राहिलेल्यांचं काय झालं?

माझ्याकडे सध्या आहे ते असं: फिंडलेची डायरी (वंशजांनी 1973 ला छापली) आणि लिव्हरपूलहून निघणाऱ्या मिलेनियल स्टार या मॉर्मन नियतकालिकात आलेली मिशनऱ्यांची पत्रं. पण पत्रं पडली छापण्यासाठी लिहिलेली, त्यात उत्साह जरा जास्तच असणार, त्यामुळे मला दुसऱ्या बाजूचं काहीतरी हवंय, म्हणजे सरकारी नोंद, पलटणीचं रजिस्टर, पेपरातली चार ओळींची बातमी, काहीही चालेल. ज्ञानोदय तेव्हा चालू होतं (1842 पासून) आणि पुण्यात ज्ञानप्रकाशही 1849 ला निघालेलं, त्यात कोणी असा उल्लेख वाचलाय का? आणि सॉल्ट लेकच्या चर्च हिस्टरी लायब्ररीकडून इथे बसून स्कॅन मिळतात का, की तिकडचं कोणी ओळखीचं लागतं?

प्रतिसाद १
भारी विषय काढलात दादा. मी युटामध्ये राहते, मॉर्मन नाही पण त्या लायब्ररीत जाऊन आलेय. ओळख वगैरे काही लागत नाही, कॅटलॉग ऑनलाइन फुकट आहे, बऱ्याच डायऱ्या स्कॅन करून टाकल्यात, नसेल तर ईमेल करा. सगळं मात्र उघडत नाहीत, खाजगी आणि गोपनीय नोंदी बंद ठेवतात. फक्त फिंडलेला धरून बसू नका, एमॉस मिल्टन मसर हा दुसरा मिशनरी कलकत्ता आणि कराचीला होता, त्याच्याही डायऱ्या बघा. सर्च करताना पूनाच्या शेवटी एच लावूनही बघा, तेव्हा तसंही लिहायचे.

प्रतिसाद २
ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्समध्ये एन/3 ही मुंबई इलाख्याची चर्चची रजिस्टरं आहेत, बाप्तिस्मा, लग्न, दफन. मॉर्मन बाप्तिस्मा तिथे मिळण्याची आशा ठेवू नका, पण त्याच माणसाचं लग्न किंवा पोराचा बाप्तिस्मा मिळू शकतो, आणि त्यात बापाचा हुद्दा लिहिलेला असतो, कधी पलटणही. एकदा पलटण कळली की काम सोपं. कंपनीची गोरी पलटण असेल तर तिथलेच एल/एमआयएल/12 हे लष्करी कागद, राणीची असेल तर लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये डब्ल्यूओ 12, त्यात पगाराच्या याद्या आहेत आणि कोण कधी सुटला, मेला, पळाला ते सापडतं. आधी फिबिस, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या कुटुंबांची माहिती जमवणारी संस्था, तिच्या साइटवर नाव टाकून बघा, फुकट आहे.

धागाकर्ता
ताई, दादा, दोघांचेही आभार. मग डायरीतून आधी सोल्जरांची नावं काढतो आणि फिबिसवर टाकतो. ज्ञानप्रकाशचे 1852 ते 55 चे अंक पुण्यात नक्की कुठे बघायला मिळतील, तेवढं कोणी सांगेल का?