लग्नसराईत नागपूर : स्वस्त विमान खरंच स्वस्त आहे का? (सोसायटी ग्रुपवरील चर्चा)

अनघा, बी-३०४
नमस्कार मंडळी. मेमध्ये नणंदेच्या मुलीचं लग्न आहे नागपूरला. आम्ही दोघं, सासूबाई आणि दोन मुलं. सासूबाईंचे गुडघे फार दुखतात, पुण्याहून बारा तास बसून जायचं म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून काल रात्री विमानाची तिकिटं बघत बसले. पहिल्या पानावर आकडा बघून वाटलं, जमेल. पैसे भरायच्या पानावर पोचले तर माणशी हजाराच्या वर वाढलेले. पाच माणसं, जाऊन-येऊन. या स्वस्त विमान कंपन्या अजून स्वस्त राहिल्यात का? की सरळ रेल्वेनेच जावं? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा.

मोघे काका, ए-१०१
अनघा, ते दिवस गेले. २००३ साली कॅप्टन गोपीनाथांनी एअर डेक्कन सुरू केली तेव्हा आमच्या बँकेतला शिपाई आईला घेऊन विमानात बसला होता. एक रुपयाच्या तिकिटांच्या जाहिराती यायच्या. तशा जागा मोजक्याच असायच्या, पण बाकीची तिकिटंही आवाक्यात होती. पाणीसुद्धा विकत घ्यावं लागायचं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण भाडंच तेवढं कमी होतं. आता पाणी सोडलं तर काही फुकट नाही आणि भाडंही कमी नाही. मग स्वस्त कशाला म्हणायचं?

रोहन, सी-६०३
काका, मला नाही पटत. मी कामासाठी बेंगळुरूला जाऊन-येऊन असतो. तीन-चार आठवडे आधी तिकीट काढलं, पाठीवर एक सॅक, मंगळवार-बुधवारचं विमान, तर चांगल्या एसी स्लीपर बसच्या जवळपास भाडं पडतं. रात्र वाचते, दुसऱ्या दिवशी कामाला ताजातवाना. सीट मधली मिळाली तरी मला चालते. माझ्यासाठी तरी अजून पूर्ण पैसे वसूल आहेत.

इरफानभाई, ए-४०५
रोहन, तू एकटा जातोस. आम्ही चौघं अम्मीला घेऊन हैदराबादला गेलो होतो. कंपनीचं नाव घेत नाही. अम्मीने बहिणीसाठी बाकरवडी, आंबाबर्फी, लसणाची चटणी असं सगळं हातातल्या पिशवीत भरलेलं. विमानाच्या दारापाशी त्यांचा माणूस वजनकाटा घेऊन उभा. ७ किलोची मर्यादा, पिशवी भरली साडेनऊच्या वर. मागे रांग खोळंबलेली, अम्मी घाबरून म्हणाली, बर्फी टाकून दे. टाकली नाही, पैसे भरले. पण तिथे किलोमागे जो दर लावला तो घरून आधी भरला असता तर बराच कमी होता, हे नंतर वेबसाइटवर बघितलं. पैशापेक्षा अम्मी चार लोकांत ओशाळली त्याचं वाईट वाटलं.

कदम, सेक्रेटरी
विषय सगळ्यांच्या उपयोगाचा आहे, चालू द्या. सुलभाताई, तुम्ही इतकी वर्षं तिकिटांचं ऑफिस चालवलंत. तुम्हीच सांगा.

सुलभाताई, बी-७०२
वाचतेय मगासपासून. रोहनचं बरोबर आहे आणि इरफानभाईंचंही, आणि त्यातच अनघाचं उत्तर आहे. या कंपन्यांचं भाडं बांधलेलंच असं असतं की एकटा, हलक्या सामानाचा, तारखेला न अडलेला माणूस स्वस्तात जातो. उरलेली भर घालतं कुटुंब, ज्याला लग्नाची तारीख बदलता येत नाही, ज्याच्याबरोबर म्हातारं माणूस असतं आणि ज्याला सगळ्यांनी शेजारी बसायचं असतं. प्रत्येक जादा आकार माणशी लागतो, त्यामुळे पाच जणांत तो पाचपट होतो. परतीचं धरलं तर दहापट.

अनघा, पैसे भरायच्या पानावर भाड्याचा तपशील उघडायचं एक बटण असतं. ते दाब आणि ओळीओळीने वाच. आधी मूळ भाडं. मग विमानतळाचे आकार, सुरक्षा शुल्क, इकॉनॉमीवरचा ५ टक्के जीएसटी. इथपर्यंत आपल्या हातात काही नाही. त्याखाली असतं ते आपल्या हातातलं: सीट, जेवण, विमा, लवकर बॅग मिळण्याची सोय. २०२१ साली डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, सीट, जेवण अशा सुट्या सेवांची परवानगी दिली तेव्हाच सांगितलं होतं की प्रवाशाने स्वतः मागितल्या तरच त्या लावायच्या. तरीही मोबाइलवर घाईत बोट लागतं आणि विमा चिकटतो. एकेक ओळ बघूनच पुढे जा.

अनघा, बी-३०४
ताई, आत्ता उघडून बघितलं. पाचही जणांच्या सीटचे पैसे लागलेत. मुलं शेजारी हवीत म्हणून मीच निवडल्या होत्या. नाही निवडल्या तर पाच टोकांना पाच जण बसवतील ना?

सुलभाताई, बी-७०२
धाकटी किती वर्षांची? बारापर्यंत असेल तर तिच्या सीटसाठी पैसे द्यायची गरज नाही. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने सांगितलंय की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आईवडिलांपैकी एकाच्या तरी शेजारी जागा द्यायची. पीएनआर एकच हवा, ही अट विसरू नकोस. काही लोक कार्डाच्या सवलतीसाठी दोन-दोन तिकिटं वेगळी काढतात आणि मग काउंटरवर वाद घालत बसतात.

बाकीच्यांनी वेब चेक-इनच्या वेळी सीट निवडलीच नाही तरी चालतं. पानाची मांडणी अशी असते की पैसे भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असं वाटतं, पण सीट न घेता पुढे जायचा पर्याय कुठेतरी बारीक अक्षरात असतो. सीट आपोआप मिळते, फुकट मिळते. बोर्डिंग पास काउंटरवरून छापून घेतला तर त्याचे वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, हेही विमान वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना कळवलेलं आहे.

मोघे काका, ए-१०१
सुलभाताई, हे सगळं ठीक. पण मूळ भाडंच का चढलं, ते सांगा ना. तेव्हा जमत होतं, आता का जमत नाही?

सुलभाताई, बी-७०२
काका, तेव्हाही पुरतं जमत नव्हतं. डेक्कन तोट्यात होती आणि किंगफिशरच्या ताब्यात गेली. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. गो फर्स्टची आगाऊ तिकिटं काढलेल्यांचे पैसे कसे अडकले ते माझ्या ऑफिसातल्या गिऱ्हाइकांना समजावताना घसा कोरडा पडला होता. मग ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्वीची एअरएशिया इंडिया एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये गेली आणि पुढच्याच महिन्यात विस्तारा एअर इंडियात. ऑगस्ट २०२२ मध्ये अकासा आली ती चांगलीच गोष्ट, पण गेलेल्यांच्या मानाने लहान.

आता देशातले साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी एकट्या इंडिगोने जातात. जिला आपण स्वस्त कंपनी म्हणतो तीच आज सगळ्यांत मोठी आहे, तिने दिल्ली-मुंबईवर बिझनेस क्लाससुद्धा सुरू केला. खर्चाची बाजूही खरी आहे. इंधन हा सगळ्यांत मोठा खर्च, आणि कंपन्या भाड्याने घेतात त्या विमानांचे पैसे डॉलरमध्ये. आपल्या राज्याने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी विमान इंधनावरचा व्हॅट २५ वरून १८ टक्के केला. पण गिऱ्हाइकाला उतरलेलं भाडं कुठे दिसतं? जिथे तीन कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या असतात तिथेच. पुणे-दिल्ली, पुणे-बेंगळुरूवर स्पर्धा आहे, म्हणून रोहनला परवडतं. ज्या मार्गावर एकच कंपनी आहे तिथे ती स्वस्त म्हणवते की महाग, याला काही अर्थ नाही. भाडं तीच ठरवणार.

इरफानभाई, ए-४०५
आणि डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम, इंडिगोकडे माणसं अपुरी, आठवडाभरात हजारो उड्डाणं रद्द. लोहगाव विमानतळावर लोक जमिनीवर झोपले होते.

सुलभाताई, बी-७०२
हो. ६ डिसेंबरला सरकारने अंतरानुसार भाड्याला मर्यादा घातली. ५०० ते १००० किलोमीटरला तेव्हा १२,००० रुपये. पुणे-नागपूर त्याच टप्प्यात येतं. मर्यादा घालावी लागली यावरूनच कळतं की एक कंपनी अडखळली तर प्रवाशाला दुसरीकडे वळायला जागा उरलेली नाही. मला याचा राग येतो. वैमानिकांना झोप मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण नियम येणार हे आधीपासून माहीत होतं.

म्हणून अनघा, लग्नाच्या दिवशी सकाळच्या विमानाचा विचार मनातसुद्धा आणू नकोस. निदान एक दिवस आधी पोचायचं.

रोहन, सी-६०३
रद्द झालं तर नुकसानभरपाई मिळते ना?

सुलभाताई, बी-७०२
कंपनीने वेळेत कळवलं नाही आणि कारण तिच्या हातातलं असेल तर. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० रुपये किंवा एकेरी मूळ भाडं अधिक इंधन आकार, यात जे कमी असेल ते. शिवाय परतावा किंवा दुसरं विमान. सहा तासांच्या वर उशीर झाला तरी दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. धुकं, वादळ असलं तर भरपाई नाही.

अजून एक, कारण यात लोक हकनाक पैसे सोडतात. तुम्ही स्वतः तिकीट रद्द केलंत तरी रद्द करण्याचा आकार मूळ भाडं अधिक इंधन आकार यापेक्षा जास्त घेता येत नाही. कर आणि विमानतळाचे आकार परत द्यावेच लागतात, तिकिटावर परतावा नाही असं लिहिलेलं असलं तरी. काय मिळणार म्हणून लोक रद्दच करत नाहीत. करा. हक्काचे पैसे आहेत.

मोघे काका, ए-१०१
ही माहिती नव्हती. धन्यवाद.

अनघा, बी-३०४
मग माझं काय करू ताई? वंदे भारतचं बघू?

सुलभाताई, बी-७०२
पुणे-अजनी (नागपूरचंच स्टेशन) वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे, गाडी उत्तम. पण सकाळी बसून संध्याकाळी उतरायचं, बारा तास खुर्चीत. नेमकं तेच सासूबाईंना नको आहे. रात्रीची गाडी घेतली तर बर्थवर पाय पसरून झोपता येतं. विमानाचा वेळही घरापासून मोज. इथून लोहगावला दीड तास, दोन तास आधी पोचायचं, दीडेक तासाचं उड्डाण, बॅगा. नागपूरचा विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच, तेवढं बरं. सहा तास धर. तेही चालण्या-थांबण्यात विभागलेले.

माझं मत सांगू? पाचही जणांनी दोन्ही वेळा विमानाने जाऊ नका. सासूबाई आणि त्यांच्याबरोबर त्यांचा मुलगा, म्हणजे तुझे मिस्टर, दोघंच जाताना विमानाने. दोघांचं मिळून सामान ३० किलो बसतं, जादा काही लागत नाही. तू आणि मुलं लग्नाचं सामान घेऊन रात्रीच्या गाडीने. येताना घाई नसते, सगळे गाडीने.

अनघा, बी-३०४
सासूबाईंना विचारून आले. नातवंडांना सोडून विमानात बसणार नाहीत म्हणाल्या. आणि मोठा दाराआडून ऐकत होता, तो अजून विमानात बसलेला नाही. त्याचा चेहरा उतरला.

मोघे काका, ए-१०१
मुलांना ने गं विमानाने. एकदा तरी. बाकी काटकसर कुठेही करता येते.

इरफानभाई, ए-४०५
काकांशी सहमत.

अनघा, बी-३०४
जाऊबाई हडपसरहून निघणार आहेत. मी त्यांच्याबरोबर गाडीने साड्या, भांडी, आहेराचं सगळं घेऊन जाते. हे, सासूबाई आणि दोन्ही मुलं विमानाने. चार तिकिटं, एकेरी, सामान जेमतेम. येताना सगळे गाडीने. सासूबाईंची एक सीट फक्त पैसे देऊन पुढची घेते. आता हिशोब केला, आधीच्या निम्म्याहून खाली आला!

सुलभाताई, बी-७०२
छान. तिकिटं आठवडाभरात काढून टाक, मे जवळ आला की चढत जातील. ज्येष्ठ नागरिकांसाठी वेगळं भाडं असतं, शोधताना वर खूण करायची असते. पण तेच स्वस्त असेल असं नाही, साध्या भाड्याशी ताडून बघ. सासूबाई वेगळ्या तिकिटावर गेल्या तर मात्र चालेल, धाकटीचा आणि बाबाचा पीएनआर तोडू नकोस.

परतीच्या गाडीचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून तसं आहे, पूर्वीसारखे १२० नाहीत. तारीख मोजून ठेव. आणि सासूबाईंचं तिकीट पाचांच्या तिकिटात घालू नकोस. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असतील आणि तेही त्याच्या वयाच्या अटीत बसत असतील तर लागतो. त्यांचं एकटीचं वेगळं काढ.

विमानाची व्हीलचेअर तिकीट काढतानाच माग, त्याचे पैसे लागत नाहीत. त्या नको म्हणतील, मला काय झालंय म्हणून. तरी माग. लोहगावच्या नव्या टर्मिनलमध्ये चालणं बरंच आहे. आणि नावं आधारवर जशी आहेत तशीच घाल, अक्षराचा फरक नको.

अनघा, बी-३०४
सासूबाईंच्या आधारवर माहेरचं नाव आहे अजून 🙏 तसंच टाकू ना?

सुलभाताई, बी-७०२
तसंच टाक. आणि तेच आधार बरोबर ठेवायला सांग, दुसरं ओळखपत्र नको.