मेडिकल कोअरचे आमचे काका
वर एकाने लिहिलंय की बेळगावात फौजी म्हटलं की मराठा लाइट इन्फंट्रीच डोळ्यांपुढे येते. खरं आहे, १९२२ पासून त्यांचं केंद्रच इथं आहे. पण आमच्या गल्लीतले काका आर्मी मेडिकल कोअरचे होते, लखनौला शिकून तयार झालेले. त्यांचीही आठवण इथं असावी म्हणून लिहिते.

'सर्वे सन्तु निरामया' हे त्यांच्या कोअरचं ब्रीद. काका ख्रिस्ती, पण हे शब्द ते प्रार्थनेसारखे म्हणायचे. १९७१ च्या युद्धात इस्पितळात जखमींची सेवा केली. त्यात युद्धकैदीही होते. "आधी कुणाला बघायचं? ज्याला जास्त लागलंय त्याला," एवढंच सांगायचे आणि गप्प व्हायचे.

निवृत्तीनंतर गल्लीत कुणाचंही ड्रेसिंग त्यांच्याच हातचं. पैसे कधी घेतले नाहीत. शनिवारी रात्री घरातल्या सगळ्यांचे बूट पॉलिश करायचे, नातवंडांचेसुद्धा, कारण सकाळी मराठी उपासना. नाताळात करंज्या आणि कुंदा घेऊन स्वतः घरोघरी यायचे.

काकूंनी मात्र वर्षानुवर्षं एकटीनं घर ओढलं. काका मोकळेपणानं म्हणायचे, "खरी ड्यूटी हिनं केली." मला त्यांच्या पदकांपेक्षा हे वाक्य जास्त आठवतं.

दफनाच्या वेळी पाळकसाहेबांनी मराठीत प्रार्थना केली, मग सून धारवाडची म्हणून कन्नडमध्येही. काकूंनी पत्र्याची काळी ट्रंक अजून ठेवलीय. आत दोघांची सगळी आंतर्देशीय पत्रं आहेत, तारखेनुसार लावलेली.