गोव्याच्या हाफला पाच आठवडे, अंतर होतंय पण स्पीडच नाही

टिळकवाडीचा_गडी:
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच गोव्याची आयर्नमॅन ७०.३, म्हणजे हाफ ट्रायथलॉन करायलोय. १.९ किमी पोहणं, ९० सायकल, २१.१ पळणं. अंतराचं टेन्शन नाही, पण चार महिने नुसतं हळूहळू किलोमीटर वाढवत बसलो आणि आता गाडी एकाच गिअरमध्ये अडकल्यागत झाल्या, जांबोटी रोडला जरा चढ लागला की ऊस भरलेला ट्रॅक्टरसुद्धा पुढं जायलाय. जिमवाला म्हणतोय रोज स्क्वॉट मार. वय ४१, ऑफिस दहा ते सहा. काय करू सांगा की.

येळ्ळूरकर:
दादा, पाच आठवड्यात नवीन ताकद फारशी येत नाही, असलेली जागी करायची. जोर लावायचा आठवड्यातनं दोनच दिवस, बाकी आत्ता करताय तसंच निवांत. मंगळवारी राजहंसगडाचा चढ, जड गिअर, सीटवर बसूनच तीन-चार मिनिटं, कॅडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) ६० च्या आसपास, मग खाली येताना श्वास पूर्ण जाग्यावर येऊ दे आणि परत वर. असं पाच वेळा. पाऊस असला तर उतरताना ब्रेक सांभाळून ओ, वळणाला शेवाळ असतंय. शुक्रवारी पळणं, ४०० मीटरचे सहा, मधे दोन मिनिटं चालायचं. सहावा पहिल्यापेक्षा हळू आला तर समजा सुरुवातीलाच उधळलात.

खानापूरची_मासोळी:
पोहण्यात ताकदीपेक्षा टेक्निक. ५० मीटरचे दहा जोरात, मधे १५-२० सेकंद. पण गोवावेसच्या पूलला खाली काळी पट्टी असते, पंजीमच्या मिरामार बीचला कोण आखून ठेवलंय? मी पूलमध्ये एकदम फॉर्मात होते आणि समुद्रात अशी वाकडी गेले की बोटीवरच्या पोराला शिट्टी मारायला लागली. सात-आठ हातांनी एकदा डोळे पाण्याबाहेर काढून समोर बघायची सवय आत्तापासनंच लावा.

कॅम्पातला_काका:
वजनं आधीपासनं उचलत असलात तरच चालू ठेवा, आठवड्यातनं दोनदा, जड वजन, पाच-पाचचे तीन सेट, आणि रेसच्या दहा दिवस आधी बंद. नसलात तर आता नादाला लागू नका. मी लागलो होतो, दोन आठवडे राहिले असताना, चार दिवस जिना भिंत धरून उतरलो, बायको हसायलीय. शेवटचे दोन आठवडे अंतर निम्म्यावर आणा पण जोराचे छोटे तुकडे सोडू नका, सगळंच सोडलं की पाय सुस्तावतात. आणि आपण बेळगावात अडीच हजार फुटांवर गार हवेत राहतोय, पंजीमला घाम वाळतच नाही. एकदोनदा दुपारचं पळून बघा, मिठाचं पाणी घेऊन.

टिळकवाडीचा_गडी:
आज गडावर गेलतो. तीनच झाले, चौथ्याला महाराजांच्या पुतळ्यापाशी सायकल टेकवून सरळ बसलो. सायकलवरनं उतरून लगेच पळायचं किती वेळा करू?

येळ्ळूरकर:
तीन बास की पहिल्या दिवशी. उतरून पळायचं ते आठवड्यातनं एकदा, वीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं पाय लाकडाचे वाटतील, घड्याळ बघू नका.