न्यू ऑर्लिन्समध्ये तीन दिवस: माळकरी आई, मासेखाऊ बाबा. जेवायचं कुठे?

तिरफळ:
नमस्कार मंडळी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला जातेय. गाडीने, तीन रात्री. बाबा मालवणचे, वय चौऱ्याहत्तर, पाण्यात पोहणारं सगळं आवडीने खातात. आई माळकरी. कांदा-लसूण चालतो, पण अंडं केकमधलंही नको, आणि दारू घातलेलं काही तर नकोच नको. मागच्या वर्षी एका दुसऱ्या शहरात आम्ही सगळे जेवत होतो आणि ती पावाला लोणी लावून बसली होती. "माझं पोट भरलंय गं," म्हणाली. ते दृश्य मला पुन्हा बघायचं नाहीये.

तिथली जुनी, नावाजलेली ठिकाणं तिघांनी एका टेबलावर बसून अनुभवायचीत. कमांडर्स पॅलेस, अँटवान्स, डूकी चेस ही नावं वाचली. यातलं काय घेऊ, काय सोडू? आणि तिथे राजमा-भात मिळतो म्हणे, तो आईला चालेल ना?

हिरवी ट्राम:
तिरफळ, मी त्या शहरात सहा वर्षं राहिले. राजम्यापासूनच सांगते, कारण तिथेच मी चुकले होते.

सासूबाई आल्या होत्या. सोमवार होता. एका छोट्या खानावळीत मी विचारलं, "बीन्समध्ये मांस आहे का?" वाढणारा मुलगा म्हणाला, "नाही." त्याच्या लेखी वर सॉसेज ठेवलं नाही म्हणजे मांस नाही. तिसऱ्या घासाला सासूबाईंच्या जिभेला डुकराच्या मांसाचा तंतू लागला. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. चमचा ठेवला, पाणी प्यायल्या आणि पुढचे दोन दिवस बाहेर फक्त केळी खाल्ली. आजही आठवलं की माझ्या पोटात कालवतं.

त्यामागचं कारण असं. सोमवार हा तिथला कपडे धुण्याचा दिवस. बायका रविवारच्या हॅमचं उरलेलं हाड आणि लाल राजमा चुलीवर चढवायच्या आणि धुणं होईपर्यंत ते मंद आचेवर शिजत राहायचं. म्हणून अजूनही सोमवारी गावभर राजमा-भात असतो. तिथला जाझ वादक लुई आर्मस्ट्राँग पत्राखाली सही करताना 'रेड बीन्स अँड राइसली युअर्स' लिहायचा, इतका तो त्यांच्या जिवाचा पदार्थ. पण ती चवच हाडाची आहे. पालेभाज्यांचंही तेच, कोलार्डसारखा पाला बहुधा डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. 'गम्बो' म्हणजे तिथला दाट रस्सा; हे नाव भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलं, पण भेंडी असली तरी खालचं पाणी कोंबडीचं नाहीतर कोळंबीचं असतं.

तेव्हा 'शाकाहारी आहे का' असं विचारू नकोस. "हे कशात शिजवलंय? हॅम, चरबी, हाडांचं पाणी?" असं एकेक नाव घेऊन विचार. आणि टेबलावर बसल्यावर नाही, आदल्या दिवशी फोनवर.

आता ठिकाणं. तीन दिवसांत एकच मोठं जेवण करायचं असेल तर कमांडर्स पॅलेस, आणि दुपारचं. १८९३ पासूनचं आहे, गार्डन डिस्ट्रिक्टमध्ये, निळ्या-हिरव्या रंगाचा जुना वाडाच म्हणायचा. सेंट चार्ल्स रस्त्याच्या हिरव्या ट्रामने जा. ती लाइन १८३५ ची, अजून चालू आहे. वॉशिंग्टन अ‍ॅव्हेन्यूला उतरलं की थोडंसंच चालणं, बाबांना झेपेल. तिथे अर्धी विजार, चपला चालत नाहीत. आरक्षण करतानाच आईंचं सगळं सांग: मांस-मासे नाहीत, अंडं नाही, दारू नाही. अशा जुन्या घरांमधले लोक पाहुण्याचं मनावर घेतात, फक्त त्यांना वेळ द्यावा लागतो. बाबांना कासवाचं सूप घे, वरून शेरी घालतात. ब्रेड पुडिंग सुफले तिथलं प्रसिद्ध, पण त्यात अंडं आणि व्हिस्की दोन्ही. तसंच ब्रेनन्स या जुन्या हॉटेलातलं बनानाज फॉस्टर. १९५१ साली तिथेच जन्मलं, केळी-लोणी-साखर ऐकून आईंना चालेलसं वाटतं, पण त्यात रम ओतून पेटवतात. पेटवली म्हणून सगळी उडून जात नाही.

डूकी चेस मात्र सोडू नकोस. माझं सगळ्यात प्रेमाचं ठिकाण, ट्रीमे भागातलं, १९४१ पासूनचं. तिथल्या मुख्य स्वयंपाकीण लीया चेस (१९२३–२०१९) नव्वदी उलटल्यावरही त्या स्वयंपाकघरात असायच्या. काळ्या-गोऱ्यांनी एकत्र बसून जेवणं कायद्याविरुद्ध होतं त्या काळात वरच्या खोलीत नागरी हक्क चळवळीच्या बैठका व्हायच्या आणि त्या सगळ्यांना लीया जेवायला वाढायच्या. कॅटरिना वादळाच्या पुरात, २००५ मध्ये, हॉटेल बुडालं. दोन वर्षांनी पुन्हा उघडलं. भिंतीभर आफ्रिकन-अमेरिकन चित्रकारांची चित्रं आहेत. आईंना तिथे कमी पदार्थ मिळतील हे आधीच सांगते, पण त्यांना ही गोष्ट सांगून ने. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी तिथे 'गम्बो झेब' करतात, अनेक प्रकारचा पाला एकत्र करून. मला दरवेळी ऋषीची भाजी आठवायची. जितके पाले तितके नवे मित्र मिळतात, असं तिथले लोक मानतात. त्यातही मांस असतं, तेव्हा आईंनी फक्त बघायचं.

मूळगाव वेंगुर्ला:
बाबांचं माझ्याकडे. मार्च-एप्रिल म्हणजे क्रॉफिशचा भर. गोड्या पाण्यातला, कोळंबी आणि खेकड्याच्या मधला जीव. मसाल्याच्या पाण्यात मका-बटाट्यासकट उकडून पौंडावर विकतात. शेपटी सोलायची, डोकं चोखायचं. कुर्ल्या फोडणाऱ्या माणसाला शिकवावं लागणार नाही.

कालवं जरूर खा, पण त्या वयात कच्ची नकोत. मेक्सिकोच्या आखातातल्या कोमट पाण्यातल्या कच्च्या कालवांतून विब्रिओ जिवाणूचा धोका असतो, मधुमेह किंवा यकृताचा त्रास असेल तर फारच. जाळावर लोणी-लसूण-चीज घालून भाजलेली मागवा. अँटवान्स (१८४०) मध्ये ऑयस्टर्स रॉकफेलर ही भाजलेली कालवं मिळतात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथेच पहिल्यांदा केलेली. वरचा हिरवा थर कसला, ते घराण्याने आजवर सांगितलेलं नाही.

तिरफळ:
हिरवी ट्राम, सासूबाईंचं वाचून मी आईला आजच फोन केला. "विचारत जा, मला लाज वाटत नाही," म्हणाली. मग सकाळचं काय? बेन्ये तिला चालतील का?

हिरवी ट्राम:
कॅफे द्यू माँद, १८६२ पासून, फ्रेंच मार्केटजवळ. बेन्ये म्हणजे चौकोनी, फुगलेले तळलेले तुकडे, वर पिठीसाखरेचा डोंगर. एका ताटलीत तीन. घरोघरी करतात त्यात बहुधा अंडं असतं. या कॅफेच्या तयार पिठाचा डबा दुकानात मिळतो, त्यावरचे घटक वाच आणि काउंटरवरही विचार, तेलासकट. काळे कपडे घालू नका, आणि साखर तोंडाजवळ असताना श्वास आत घेऊ नका, ठसका लागतो.

कॉफी मात्र निःशंक द्या. त्यात चिकोरी, म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ, असते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात बंदराची नाकेबंदी झाली, कॉफी मिळेना, तेव्हा लोकांनी ती भरपूर मिसळली आणि मग चवच आवडायला लागली. फिल्टर कॉफी प्यायलेल्या माणसाला पहिल्या घोटात ओळख पटते.

दुपारी पो-बॉय. १९२९ मध्ये ट्रामवाल्यांचा संप झाला, तेव्हा मार्टिन बंधूंनी संपकऱ्यांना फुकट सँडविच दिले, 'आला बघ आणखी एक पुअर बॉय' म्हणत. नाव तिथून पडलं असं सांगतात. तळलेल्या बटाट्याचाही पो-बॉय असतो. त्यावर मांसाचा रस्सा घालतात, तो आणि मेयॉनीज नको म्हणून सांग. पावात बटाटा, आईंना वेगळं सांगायला नको. आणि चोपिटूलस रस्त्यावर हॅन्सेन्समध्ये स्नोबॉल खा, १९३९ पासूनचं दुकान. लोण्यासारखा मऊ किसलेला बर्फ, वर घरची सरबतं. आपला गोळाच, पण काडीशिवाय. थंडीत बंद असतं, मार्च-शेवटी उघडलं आहे का ते बघून जा.

राजमा आईंना खायचाच असेल तर स्वयंपाकघर असलेली जागा घे. कांदा, सेलरी, ढोबळी मिरची तेलात परत, तेजपत्ता, थाइम, थोडी स्मोक्ड पॅप्रिका. शिजला की मूठभर दाणे पातेल्याच्या कडेला चेच, रस दाट होतो.

तिरफळ (तीन आठवड्यांनी):
जाऊन आलो. कमांडर्समध्ये दोन दिवस आधी फोन केला होता. आईसमोर भेंडी, मका, भाजलेलं रताळं आणि भात असं वेगळं ताट आलं, आणि वाढणाऱ्या बाईंनी आपणहून सांगितलं की भाज्यांसाठी वेगळं पातेलं घेतलं. आईने ताट पुसून खाल्लं. बाबांनी दोन पौंड क्रॉफिश संपवले आणि "हे मालवणात आणलं तर?" असं गाडीत बराच वेळ बोलत होते. डूकी चेसमध्ये आई जेवली थोडंच, पण चित्रांपुढे उभी राहिली आणि निघताना लीया चेसच्या फोटोला नमस्कार केला. सोमवारी राजमा मी केला, तिने चेचला.

आता तिने चिकोरी कॉफीचे दोन डबे बॅगेत भरलेत, एक शेजारच्या काकूंना. विचारतेय, घरच्या पितळी फिल्टरमध्ये जमेल का?

हिरवी ट्राम:
जमेल. दळण आपल्यापेक्षा जाडसर असतं, पाणी भरभर खाली उतरतं, म्हणून पूड एक चमचा जास्त घालायला सांग. आणि दूध गरम हवं, अर्धं कॉफी, अर्धं दूध.