कप्पीचं ताट वाढायचं का नाही?

अंबाडीची_भाजी:
माझी लेक सव्वाचार वर्षांची आहे, ज्युनिअर केजीत. दिवाळीपासून तिची एक मैत्रीण आहे, नाव कप्पी, जी आम्हाला कोणालाच दिसत नाही. कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहते म्हणे. सुरुवातीला मजा वाटली, आता प्रकरण वाढलंय. जेवायला तिचं वेगळं ताट लागतं, रिक्षात मधली जागा तिची, त्या जागेवर पर्स ठेवली तरी किंचाळते की कप्पी चेंगरली. परवा वरणाची वाटी अख्खी फरशीवर, मी विचारलं कोणी सांडली तर अगदी शांतपणे, कप्पीने.

साबांचं (सासूबाईंचं) म्हणणं आहे की काहीतरी बाहेरचं आहे, त्यांनी मीठमोहरीने दृष्ट काढली, आता शनिवारी मारुतीला नारळ द्यायचं चाललंय. नवऱ्याचं म्हणणं लाड बंद करा, कप्पी वगैरे कोणी नाही हे तिला स्पष्ट सांगा. आणि शाळेतल्या टीचरनी पण सांगितलं की मधल्या सुट्टीत एकटीच बोलत असते, तेव्हापासून मला रात्री झोप नाही. एकुलती आहे, बिल्डिंगमध्ये तिच्या वयाचं कोणी नाही. हे नॉर्मल आहे का? ती खोटं बोलतेय का? आणि आपण यात सामील व्हायचं की नाही? ताट वाढलं तर आपणच खतपाणी घालतोय असं वाटतं आणि नाही वाढलं तर ती जेवत नाही.

शिरपूरची_सून:
अगं घाबरू नकोस. आमच्याकडे वाघ होता. मुलगा तीन-साडेतीनचा असताना आला, दाराबाहेर झोपायचा, सकाळी दूधवाल्याला सांगावं लागायचं बाजूने ये. दूधवाला पण इतका चांगला की खरंच बाजूने यायचा.

ताटाचं म्हणशील तर रिकामं ताट द्यायचं. आम्ही सरळ सांगितलेलं की वाघाचं जेवण वाघच आणतो, आपण फक्त ताटली द्यायची. अन्न वाया नाही आणि भांडण पण नाही. सांडलवंडीला मात्र ढील द्यायची नाही. कप्पीने सांडलं ना, बरं, मग तू आणि कप्पी दोघी मिळून पुसा, फडकं तिकडे आहे. खोटारडी वगैरे म्हणायचं नाही पण पुसायचं तिनेच. आमच्या वाघाला पुसायचा इतका कंटाळा यायचा की नंतर तो काही सांडायचाच नाही. पहिलीत गेल्यावर कधीतरी मीच विचारलं वाघ कुठंय, तर म्हणाला गावाला गेला, आणि परत सायकल चालवायला पळाला.

खडू_फळा:
मी बालमानसशास्त्र शिकवते म्हणून थोडं लांबण लावते, माफ करा.

नॉर्मल आहे का, तर हो, आणि आपल्याला वाटतं त्याहून खूप जास्त मुलांमध्ये. अमेरिकेत ओरेगन विद्यापीठातल्या मार्जोरी टेलर यांनी कितीतरी वर्षं याच विषयावर काम केलं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या २००४ सालच्या अभ्यासात सात वर्षांपर्यंतच्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांचा कधी ना कधी असा कोणीतरी सोबती होऊन गेलेला निघाला. यात न दिसणारे मित्र धरलेत आणि ज्या टेडी-बाहुलीला मुलांनी स्वतःचा स्वभाव, आवडीनिवडी, रुसवेफुगवे दिलेत तेही धरलेत, त्यामुळे आकडा मोठा दिसतो, पण नुसते न दिसणारे मित्रसुद्धा काही दुर्मिळ नाहीत. पहिल्या आणि एकुलत्या मुलांमध्ये जरा जास्त दिसतात. अशी मुलं बुजरी, एकलकोंडी असतात हा समज मात्र टिकला नाही. उलट काही अभ्यासांत ती इतरांपेक्षा कमी लाजरी निघाली.

खोटं बोलतेय का, तर नाही. आणि तिला ते खरंही वाटत नाहीये. ही गोष्ट पालकांना पटत नाही, पण संशोधकांनी मुलांना नीट बसवून त्यांच्या मित्राबद्दल प्रश्न विचारले की बरीच मुलं मध्येच थांबून सांगतात, तुला माहितीये ना हे खोटंखोटं आहे? म्हणजे समोरची मोठी बाई फसली की काय याची त्यांनाच काळजी! त्यामुळे नवऱ्याला सांगा, कप्पी नाहीये हे तुमच्या लेकीला तुमच्याआधीपासून माहिती आहे. तुम्ही खेळात आलात म्हणून ती भ्रमात जाणार नाही. फक्त खेळ तिचा आहे, तुम्ही पाहुण्या.

अजून एक, हे मित्र सांगितलेलं ऐकतातच असं नाही. बोलावल्यावर येत नाहीत, भांडतात, उर्मटपणा करतात. टेलर यांच्याकडे असे भरपूर नमुने आहेत, म्हणून कप्पी हट्टी आहे याला कोणी बाधा समजू नये.

न्यूझीलंडमध्ये ट्रायनफी आणि रीज यांनी २००९ मध्ये साडेपाच वर्षांची मुलं पाहिली. असे मित्र असलेल्या आणि नसलेल्या मुलांचा शब्दसाठा साधारण सारखाच, पण गोष्ट सांगायला लावली की मित्रवाली मुलं जास्त रंगवून, संवादांसकट सांगत होती. याचा अर्थ मित्रामुळे गोष्ट सांगता येते असं सिद्ध झालं असं नाही, तेव्हा कृपा करून कोणी कप्पी डेव्हलपमेंटचे क्लास काढू नका.

डॉक्टरकडे कधी जायचं? मूल त्या मित्राला खरोखर घाबरत असेल, तो मला मारायला सांगतो, इजा करायला सांगतो असं म्हणत असेल, दुसरी मुलं समोर असूनही त्यांच्यात अजिबात जात नसेल, किंवा झोप, भूक, बोलणं यात मागे जात असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि ते सांगतील तसं पुढे. टीचरना एवढंच विचारा, कोणी खेळायला बोलावलं तर जाते का?

जुना_वाडा:
आमच्या वेळी वाड्यात पोरंच इतकी की खोटी आणायची कोणाला गरज. भातुकलीत नवरा व्हायला सुद्धा रांग. पण ताई, साबांना एकदम मोडीत काढू नका. दिल्लीच्या शांतीदेवीची केस ऐकली असेल, लहान मुलगी, मागच्या जन्मी मथुरेत होते म्हणायची, गांधीजींनी समिती नेमलेली १९३५ च्या सुमाराला. मला म्हणायचं नाही की तुमच्याकडे तसंच आहे, पण पोरीला एकदा विचारा तरी की कप्पी कुठल्या गावची.

खडू_फळा:
काका, हेच नका करू ही विनंती. चार वर्षांच्या मुलाला जसं विचाराल तसं उत्तर मिळतं. गाव विचारलंत तर गाव येईल, वडिलांचं नाव विचारलंत तर तेही येईल, आणि मग आजी ते सगळं खरं धरून बसतील. शांतीदेवी स्वतःबद्दल सांगत होती, मी अमुक होते म्हणून. कप्पी कपाटात राहते आणि रिक्षात चेंगरते, ती कुठे म्हणतेय मी कोणी होते. वेगळा प्रकार आहे.

एडिसन_एनजे:
इकडे न्यू जर्सीत माझा पाच वर्षांचा. डेकेअरपासून इंग्लिशच, मी मराठीत विचारलं की उत्तर इंग्लिशमध्ये, आणि मी आता भांडणं सोडून दिलीत. आईबाबा सहा महिने राहून परत गेले आणि आठवड्याभरात एक बबडू उगवला. बबडूशी हा फक्त मराठीत बोलतो!! तेही माझ्या वडिलांच्या टोनमध्ये, काय रे बबडू, चहा घेतलास का. मी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून ऐकते.

नवऱ्याने फायदा घ्यायला बघितला, बबडू म्हणतोय ब्रोकोली खा. पोरगा असा काही भडकला, बबडू डझन्ट से दॅट! खेळातले पाहुणे म्हणालात ते शंभर टक्के.

बोरकूट:
माझ्या भाचीच्या मैत्रिणीचं मागच्या महिन्यात लग्न झालं. आम्हाला पत्रिका पण नाही.

शिरपूरची_सून:
अंबाडी, एक विचारू? घरात काही बदल झालाय का दिवाळीपासून?

अंबाडीची_भाजी:
सगळ्यांना खूप थँक्यू, नवऱ्याला अख्खा धागा वाचायला लावला. टीचरना विचारलं, दोन मुलींबरोबर डबा खाते आणि कोणी हाक मारली की जाते, ते संपल्यावर कप्पीशी बोलते. हे आधीच सांगितलं असतं तर मी चार रात्री झोपले असते.

आणि हो, बदल आहे. मला सातवा महिना चालू आहे. आम्ही तिला दिवाळीतच सांगितलं होतं. परवा तिने जाहीर केलं की कप्पीला भाऊ झालाय, तो फार रडतो म्हणून त्याला वरच्या कप्प्यात ठेवलाय आणि दार लावलंय. यावर मी हसू का रडू?

साबांचं सांगते. त्यांनी परत दृष्ट काढायला घेतली तर लेक म्हणाली आजी, कप्पीची पण काढ, तिला जास्त लागते. साबांनी काढली! शेजारच्या रिकाम्या पाटावरून, तीन वेळा उतरवून. तेव्हापासून बाहेरचं वगैरे जरा कमी झालंय, नारळ मात्र द्यायचाच आहे.

खडू_फळा:
हसा. आणि त्या दार लावण्यावर लगेच भाषण देऊ नका, बाळाला असं करायचं नसतं वगैरे. तिला बाळाबद्दल जे वाटतंय ते ती कप्पीच्या घरात करून बघतेय, खऱ्या बाळावर नाही, हे बरंच आहे की. विचारायचंच असेल तर एवढंच विचारा, भाऊ रडतो तेव्हा कप्पी काय करते? आणि उत्तर ऐकून घ्या. बाळ आल्यावर खऱ्या पाळण्याजवळ मात्र लक्ष ठेवा, ते कुठल्याही चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ठेवायचंच असतं.

शिरपूरची_सून:
बाळंतपण माहेरी का सासरी? माहेरी असेल तर कप्पीचं आत्तापासून ठरवा, ऐनवेळी स्टँडवर तमाशा नको.

अंबाडीची_भाजी:
माहेरी, अंबाजोगाईला. पुढच्या आठवड्यात निघायचंय. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये कप्पीचं वेगळं तिकीट मिळणार नाही, तिला लेकीच्याच बर्थवर झोपावं लागेल असं सांगून ठेवलंय. कप्पीला खिडकी हवी आहे. लेकीला पण खिडकीच हवी आहे. कालपासून दोघींचं बोलणं बंद आहे.