सेसना १७२ धावपट्टीवर डावीकडे जाते, हवेत नाक डोलतं: जॉयस्टिकचं सेटिंग कुठे चुकतंय?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० (संगणकावर विमान उडवण्याचा खेळ), विंडोज १०. जॉयस्टिक साधीच, १२ बटणांची. मूठ पिळली की रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीची फळी), तळाशी थ्रॉटलची, म्हणजे इंजिनची ताकद कमीजास्त करायची, छोटी पट्टी. विमान सेसना १७२, उड्डाण जुहूच्या २६ क्रमांकाच्या धावपट्टीवरून.

टेकऑफला विमान डावीकडे पळतं. हवेत काडीला नुसतं बोट लागलं तरी नाक वरखाली होतं. मूठ सोडलेली असतानाही रडर मधूनच थरथरतो. थ्रॉटल उलटा चालतो, पट्टी पुढे ढकलली की इंजिन मंदावतं. सेन्सिटिव्हिटी (काडी हलली की विमान किती प्रतिसाद देतं ते) उणे ६० पर्यंत नेली, तरी फरक नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तरवारा
सेन्सिटिव्हिटी आधी शून्यावर आणा. तुमच्या तक्रारींचं मूळ एकच नसणार. काही जॉयस्टिकमध्ये असेल, काही बटणांच्या जोडणीत, काही खुद्द विमानात. सगळ्यांवर सेन्सिटिव्हिटीचा एकच आलेख वाकवत बसलात तर एक दोष झाकताना दुसरा वाढतो.

सिम बंद करा. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून 'जॉय डॉट सीपीएल' चालवा. जॉयस्टिक निवडून प्रॉपर्टीज, मग सेटिंग्ज. आधी 'रीसेट टू डीफॉल्ट' दाबा, जुनं चुकीचं कॅलिब्रेशन राहिलेलं असतं. नंतर 'कॅलिब्रेट'. त्यात 'डिस्प्ले रॉ डेटा'वर खूण केली की प्रत्येक अक्षाचा आकडा दिसतो. हात लावू नका, अर्धा मिनिट नुसते आकडे बघा आणि प्रत्येक अक्षाचा सर्वांत कमी व सर्वांत जास्त आकडा इथे लिहा.

घाटमाथा
डावी-उजवी ५१० ते ५१३, पुढे-मागे ५११ ते ५१२. पिळाचा अक्ष ११९ ते १३७, सारखा उड्या मारतो. थ्रॉटलची पट्टी मात्र टोकापासून टोकापर्यंत सरकवून पाहिली, ० ते २४७.

उत्तरवारा
छान, आता अंदाज बांधायला नको. काडीचे दोन्ही अक्ष १० बिटांचे आहेत, म्हणजे ० ते १०२३. हाताविना तीन-चार अंकांची हालचाल काहीच नाही. काडी निर्दोष आहे.

पिळाचा अक्ष ८ बिटांचा, ० ते २५५, मध्य १२८. मध्यापासून ९ अंक इकडेतिकडे म्हणजे १२७ पैकी ९, साधारण ७ टक्के. रडर थरथरतो तो यामुळे. डेड झोन (मध्याजवळची जी हालचाल सिम मोजतच नाही ती) १० टक्के ठेवला तर थरथर दिसेनाशी होईल, पण मध्यापासून हलल्यावर आकडा तसाच उड्या मारत राहील आणि नेमकं लँडिंगला, थोडासा रडर हवा असताना, तो झटके देईल. म्हणून आधी सफाई.

सोल्डरगन
सफाईचं मी सांगतो. या वर्गातल्या जॉयस्टिकमध्ये पिळासाठी बहुधा पोटेन्शिओमीटर असतो, म्हणजे कार्बनच्या पट्टीवर घासत जाणारा स्पर्शक. पट्टीवर धूळ आणि झिजेचा भुगा साचला की आकडा उडतो. (थ्रस्टमास्टरच्या टी.१६०००एम मध्ये काडीला चुंबकीय हॉल सेन्सर आहेत, तिथे घासायलाच काही नाही.)

यूएसबी काढा. स्क्रू खोलताना कुठला कुठून निघाला ते कागदावर टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते. पिळाच्या दांड्याला जोडलेला, तीन तारांचा छोटा गोल भाग शोधा. जिथून तारा निघतात तिथे जी फट दिसते, तिच्यात इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच छोटा फवारा द्या. लगेच दांडा या टोकापासून त्या टोकापर्यंत ३०-४० वेळा फिरवा. १५ मिनिटं वाळू द्या, पुन्हा एकदा तेच. दाराच्या बिजागरीला मारतो तो तेलकट स्प्रे अजिबात नको. त्याचा थर पट्टीवर राहतो आणि पुढची धूळ धरून ठेवतो. बंद करताना तारा स्प्रिंगमध्ये चिमटत नाहीत ना, बघा.

सफाईनंतरही आकडा पाच-सहापेक्षा जास्त उडत असेल तर पट्टी झिजली, तो भाग बदलायचा.

टेलविंड
आता सिममधलं. ऑप्शन्स, मग कंट्रोल्स. जॉयस्टिकचं डीफॉल्ट प्रोफाइल थेट बदलता येत नाही, त्याची प्रत काढा आणि नाव द्या, 'सेसना' वगैरे.

थ्रॉटलच्या ओळीत 'रिव्हर्स अ‍ॅक्सिस'वर खूण करा, तुमचा उलटेपणा तिथेच संपेल. पट्टी २४७ पर्यंतच जाते, म्हणजे पूर्ण ताकद मिळत नसणार. आधी कॅलिब्रेशन पूर्ण करा. तरी उणीव राहिली तर सेन्सिटिव्हिटीच्या पानावर पट्टी टोकाला धरून 'एक्स्ट्रिमिटी डेड झोन' (टोकाजवळचा डेड झोन) एकेक टक्क्याने वाढवा, आलेखावरचा ठिपका टोकाला टेकला की थांबा.

उणे ६० करूनही फरक नाही, याचा अर्थ विमानाला हुकूम दुसरीकडूनही जातोय. संगणकाला गेमपॅड लावलेला आहे का? त्याचं स्वतःचं डीफॉल्ट प्रोफाइल असतं आणि त्याची छोटी काडीही एलेरॉन-एलिव्हेटरला (विमान कलवणाऱ्या आणि नाक वरखाली करणाऱ्या फळ्यांना) जोडलेली असते. ती जरा हलली की तुमच्या जॉयस्टिकशी भांडते. काढून ठेवा, किंवा त्याला रिकामं प्रोफाइल द्या. असिस्टन्सच्या पानावर 'ऑटो रडर' चालू असेल तर बंद करा, नाहीतर तुम्ही आणि सिम दोघं एकाच वेळी रडर देत राहता.

सुरुवातीचे आकडे: पिच (नाक वरखाली) आणि रोल (डावी-उजवीकडे कलणं), दोन्ही बाजूंना सेन्सिटिव्हिटी उणे ३०, डेड झोन २. रडर उणे ४०, डेड झोन ८. काडी उजवीकडे नेताना मनगट नकळत पिळतं, म्हणून रडरला एवढी मोकळी जागा हवीच. 'रिअ‍ॅक्टिव्हिटी' १०० वरच ठेवा. ती कमी केली की थरथर मऊ होते, पण विमान हाताच्या मागे राहू लागतं आणि माणूस जास्तच ओढाताण करतो.

घाटमाथा
गेमपॅड होता! काढला. सफाईनंतर पिळाचा आकडा १२६ ते १२९. थ्रॉटल सरळ झाला, ऑटो रडर बंदच होता. पण टेकऑफला अजूनही डावीकडे. आणि नाक सरळ ठेवायला काडी सतत पुढे दाबून धरावी लागते.

उत्तरवारा
डावीकडे जाणं हा बिघाड नाही, सेसना अशीच असते. पंखा वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा पीळ घेत येते आणि शेपटीच्या उभ्या पंखावर डाव्या बाजूने आदळते, म्हणून नाक डावीकडे. ताकद जितकी जास्त आणि वेग जितका कमी, तितकी ओढ जास्त. खात्री करायची असेल तर इंजिन आयडलवर, म्हणजे सर्वांत मंद, ठेवून उतरताना बघा, ती ओढ नसेल. टेकऑफला थ्रॉटल एकदम नको, तीन-चार सेकंदांत पूर्ण करा आणि त्याच चालीने उजवा रडर देत जा. ५५ नॉट्सला नाक उचला, ७४ ला चढा.

नाकासाठी ट्रिम, म्हणजे काडी न धरताही नाक हवं तिथे राहील अशी सोय. काडीच्या माथ्यावरची वरखाली असलेली दोन बटणं 'एलिव्हेटर ट्रिम'ला द्या: वरचं नाक खाली, खालचं नाक वर. खऱ्या ट्रिमचं चाकही वर ढकललं की नाक खाली जातं, तीच सवय लागते. खऱ्या विमानात हातावरचा भार जाईपर्यंत ट्रिम करतात. तुमच्या काडीला तो भार कळत नाही, तिची स्प्रिंग कायम मध्यावर आणते. म्हणून आधी काडीने नाक हवं तिथे धरा, एकेक टिचकी ट्रिम द्या आणि तेवढीच काडी सैल सोडा. काडी मध्यावर आली आणि नाक जागचं हललं नाही की ट्रिम बसला. थ्रॉटल किंवा फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा) बदलला की पुन्हा.

टेलविंड
एक राहिलं. उडताना मधेच जॉयस्टिक 'गायब' होत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. आणि जॉयस्टिक मागच्या पोर्टमध्ये थेट लावा, हबमधून नको.